घरांतील पत्रा व लोखंड यांस रंग कोणता द्यावा?

दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण आपण बहुधा माणसांना उद्देशून वापरतों; परंतु रंगाच्या डब्यासही ती तितकीच लागू पडते. दिवाळी जवळ आली, अथवा घरांत लग्नकार्य निघालें, म्हणजे रंगरंगोटीची आठवण होते. मग गृहस्थ दुकानांत जाऊन रंगांचें पत्रक चाळतात, आणि जो रंग डोळ्यांस भरेल तो घेऊन येतात. भिंतीच्या बाबतींत हें पुष्कळदां चालून जातें. परंतु घरावरील पत्रा, खिडक्यांचे गज, अंगणाचें फाटक, जिन्याचा कठडा, लोखंडी कपाट यांच्या बाबतींत केवळ डोळ्यांवर विसंबून चालत नाहीं. येथें रंग हा नुसता शोभेचा पोशाख नसून घरांत ठेवलेला एक नोकर आहे. त्यास उन्हाशीं, पावसाशीं आणि घरांतील लहान मुलांच्या आरोग्याशीं रोज व्यवहार करावयाचा असतो. नोकर ठेवतांना त्याचे गुण विचारावे, हें कोणीही कबूल करील.

म्हणून लोखंडासाठीं रंग घेतांना तीन प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें. हा रंग उष्णतेचें काय करील? हा पाण्यापासून लोखंडाचें रक्षण कसें करील? आणि ज्यांचे हात त्यास रोज लागणार, त्यांस त्यापासून अपाय तर होणार नाहीं ना? या तीन प्रश्नांचा आपण क्रमानें विचार करूं.

प्रथम उष्णतेचा प्रश्न घेऊं. आणि त्यासाठीं थोडें दूरदेशीं जाऊं. आपल्या सातारा-सांगलीकडील कित्येक कुटुंबांतील मुलगे व मुली आज विलायतेंत, जर्मनींत किंवा अमेरिकेंत शिक्षणासाठीं अथवा नोकरीनिमित्त राहतात. तेथील हिंवाळा कडक. त्यामुळें पुष्कळ घरांत खिडकीखालीं, भिंतीस लागून, धातूचें एक चपटें पोकळ पात्र बसविलेलें असतें. त्यांतून गरम पाणी किंवा वाफ फिरत राहते व तें पात्र खोलीस ऊब देतें. त्यास रेडिएटर म्हणतात. मोटारींतील ज्या रेडिएटराचा आपणांस परिचय आहे, त्याचाच हा भाऊबंद. मोटारींत नकोशी झालेली उष्णता बाहेर टाकावयाची असते, आणि घरांत हवीशी उष्णता खोलीस द्यावयाची असते, इतकाच काय तो फरक.

या घरगुती रेडिएटरास ॲल्युमिनिअमची भुकटी मिसळलेला रुपेरी रंग देण्याची चाल एके काळीं पुष्कळ ठिकाणीं होती. ओबडधोबड लोखंडास त्यानें चांदीची झळाळी येई, आणि पाहणारास वाटे कीं, असें चकचकीत पात्र ऊबही अधिक देत असेल. पदार्थविज्ञान मात्र याच्या अगदीं उलट सांगतें.

जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञानें सन १८०४ मध्यें उष्णतेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा प्रयोग इतका सोपा आहे कीं, आजही तो शाळाशाळांतून करून दाखवितात. त्यानें धातूचें एक चौकोनी भांडें घेतलें. त्याची एक बाजू घांसून चकचकीत ठेवली, एकीस काजळी फासली, एकीस पांढरा कागद चिकटविला. मग आंत गरम पाणी भरून एकेक बाजू उष्णतामापकाकडे वळविली. पाणी तेंच, भांडें तेंच, म्हणजे सर्व बाजूंचें उष्णमान जवळजवळ सारखेंच. तरीही काजळीच्या बाजूकडून पुष्कळ उष्णता बाहेर पडे, आणि चकचकीत बाजूकडून फारच थोडी. आतां यांतील खरें नवल पुढेंच आहे. पांढऱ्या कागदाची बाजू जवळजवळ काजळीच्या बाजूइतकीच उष्णता देत असे! डोळ्यांस काळें व पांढरें म्हणजे दोन टोकें. परंतु गरम भांड्यापासून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांस तीं जणूं सारखींच. तीं किरणें प्रकाशाचीच भावंडें खरीं, पण आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणून त्यांच्या बाबतींत डोळ्यांची साक्ष उपयोगाची नाहीं.

यावरून रेडिएटराचा न्याय सहज होतो. काळा, पांढरा, हिरवा, तपकिरी असा कोणताही साधा ऑईल पेंट दिला तरी ऊब जवळजवळ सारखीच मिळते. रुपेरी रंगांत मात्र धातूचे चकचकीत कण वर येऊन बसतात व ते उष्णतेचें किरणरूपानें बाहेर पडणें अडवितात. रेडिएटर हवेस तापवूनही खोलीस ऊब देतो, आणि त्या मार्गावर रंगाचा परिणाम विशेष होत नाहीं. म्हणून एकंदर नुकसान फार मोठें नसतें. परंतु तें सबंध हिंवाळाभर चालतें. आणखी एक गंमत अशी कीं, या कामीं महत्त्व फक्त सर्वांत वरच्या हाताला असतें. जुना रुपेरी रंग न खरवडतां त्यावर साध्या रंगाचा एक हात दिला तरी काम भागतें. परदेशीं राहणाऱ्या आपल्या मंडळींनीं इतकें लक्षांत ठेवावें: रंग उष्णता सोसणारा असावा, तो पात्र पूर्ण थंड असतांना द्यावा, आणि साधा पांढरा ऑईल पेंट उष्णतेनें कालांतरानें पिवळा पडतो हें ध्यानांत असूं द्यावें.

वाचक म्हणतील, हें सर्व खरें. पण आमच्या गांवीं कोणाच्या घरीं रेडिएटर आहे? आमचें उत्तर असें कीं, पुष्कळांच्या घरीं आहे. फक्त तो खिडकीखालीं नसून डोक्यावर आहे. चैत्र-वैशाखांत भर दुपारीं पत्र्याच्या खोलींत उभें राहून पाहावें. वारा पडलेला असतो, चूल विझलेली असते, तरी डोक्यास व खांद्यांस वरून धग लागते. ही धग तापलेल्या पत्र्याच्या खालच्या अंगापासून किरणरूपानें येते. विलायतेंतील रेडिएटर पैसे मोजून हिंवाळ्यांत तापवितात. आपला रेडिएटर सूर्य उन्हाळ्यांत फुकट तापवितो, आणि त्याची किंमत घरांतील आजारी, वृद्ध, तान्हीं मुलें व अभ्यास करणारे विद्यार्थी यांस द्यावी लागते.

ही उष्णता किती असते, याचा थोडा हिशेब करूं. निरभ्र आकाशांत उन्हाळ्याच्या दुपारीं सूर्यापासून एका चौरस मीटरवर सुमारें १,००० वॅट इतकी शक्ति पडते. तीन मीटर लांब व चार मीटर रुंद अशा लहानशा खोलीचें छप्पर १२ चौरस मीटरचें असतें. म्हणजे त्यावर सुमारें १२,००० वॅट पडतात; एक किलोवॅटच्या बारा विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेवाव्या, तसा हा प्रकार झाला. यांपैकीं किती उष्णता पत्र्यानें घ्यावी व किती परतवावी, हें बऱ्याच अंशीं आपण दिलेला रंग ठरवितो.

येथें उन्हाचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. गरम भांड्याच्या उष्णतेपुढें काळें-पांढरें सारखें असलें, तरी सूर्यप्रकाशाचा बराचसा भाग डोळ्यांस दिसणारा असतो. म्हणून उन्हाच्या बाबतींत डोळ्यांची साक्ष पुष्कळ अंशीं खरी ठरते. काळा पृष्ठभाग ऊन जवळजवळ सगळें गिळतो. नवा स्वच्छ पांढरा रंग त्याचे सुमारें तीन-चतुर्थांश किंवा अधिकही परत पाठवितो. अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन यानें अठराव्या शतकांतच निरनिराळ्या रंगांचे कापडाचे तुकडे उन्हांत बर्फावर पसरून पाहिले होते. काळ्या तुकड्याखालचें बर्फ सर्वांत अधिक वितळून तो खोल रुतला, आणि पांढरा जवळजवळ वरच राहिला.

आतां आपल्याकडील छपरांची एकेक जात पाहूं. नवा जस्ती पत्रा चकाकतो, म्हणून तो थंड राहत असेल असें वाटतें. तो ऊन बरेंच परतवितो हें खरें. पण जें थोडें घेतो तें लवकर सोडीत नाहीं, कारण चकचकीत धातु किरण टाकण्यांत कृपण असते, हें लेस्लीनें दाखविलेंच आहे. म्हणून तोही हात लावूं देत नाहीं इतका तापतो. जुना गंजका पत्रा काळपट तपकिरी होतो व ऊन अधिकच शोषतो. कित्येक ठिकाणीं गळती थांबविण्यास पत्र्यावर डांबर फासतात. तें पाण्यास चांगलें, पण उन्हास सर्वांत वाईट. शिवाय कडक उन्हांत तें मऊ पडतें. हल्लीं गडद निळे, तांबडे व हिरवे रंगीत पत्रे बाजारांत येतात. ते दिसावयास नीटनेटके असतात, पण त्यांतील गडद रंगाचा पत्रा ऊन शोषण्यांत काळ्याच्याच मागोमाग असतो. रुपेरी रंग मध्यम प्रतीचा. पांढऱ्याइतका तो थंड राहत नाहीं. पांढऱ्या रंगाच्या ठिकाणीं मात्र दोन्ही गुण एकत्र आहेत. तो ऊन थोडें घेतो, आणि जें घेतो तें आकाशाकडे मोकळेपणानें टाकून देतो. म्हणून उन्हाळ्याच्या दृष्टीनें पत्र्याच्या वरच्या अंगास पांढऱ्यासारखा रंग नाहीं.

मग रुपेरी रंग अगदींच निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. जो दोष रेडिएटरावर, तोच गुण छपराच्या खालच्या अंगावर! पत्र्याच्या आंतील बाजूस रुपेरी रंग दिला, तर तापलेला पत्रा खालच्या माणसांकडे किरण कमी टाकतो. खालचें अंग असल्यामुळें त्यावर धूळ बसत नाहीं व झळाळी टिकते. मात्र जेथें चुलीचा धूर होतो तेथें काजळी धरून हा गुण नाहींसा होतो. तेव्हां सूत्र असें बांधावें: बाहेरून पांढरा, आंतून रुपेरी.

हें केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. अहमदाबाद शहरांत २०१० सालच्या उन्हाळ्यांत उष्म्यानें फार माणसें दगावलीं. पुढें २०१३ सालीं तेथील महानगरपालिकेनें उष्म्यापासून बचावाची योजना आंखली, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम तींत सामील झालें. तेलंगण राज्यानेंही २०२३ सालीं थंड छपरांविषयींचें धोरण जाहीर केलें. अर्थात् रंग म्हणजे जादू नव्हे. पत्र्याखालीं तक्तपोशी असणें, गरम हवा बाहेर जाण्यास वर झरोका असणें, यांची जागा रंग घेऊं शकत नाहीं. पण तक्तपोशीचा खर्च ज्यास झेपत नाहीं, त्यास रंगाचा एक डबा झेपतो, हें विसरूं नये. पांढऱ्या छपरावर धुरळा बसला कीं त्याचा गुण कमी होतो. म्हणून फाल्गुनांत एकदां तें धुवून काढावें.

सर्वांसाठीं एकच नियम मात्र सांगतां येत नाहीं, कारण आपला मुलूखच दोन तऱ्हांचा आहे. पूर्वीं सातारा हा एकच मोठा जिल्हा होता. १९४९ सालीं त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण सातारा हा १९६० पासून सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊं लागला. या दोन्ही जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रि आणि पूर्वेस माणदेश व जतचें पठार. महाबळेश्वरास वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिकडे माण, आटपाडी, जत या तालुक्यांत त्याच्या एक-दशांशाच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. म्हणून महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या बाजूस छपराचा पहिला शत्रु पाऊस. तेथें गंजापासून रक्षण प्रथम पाहावें व रंगाचा विचार मागाहून करावा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ येथें पहिला शत्रु ऊन. तेथें पांढऱ्या रंगास पर्याय नाहीं. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज हीं शहरें मधलीं. तेथें दोन्ही शत्रूंचा बंदोबस्त केला पाहिजे.

आतां दुसरा प्रश्न, पाण्याचा. लोखंड गंजण्यास पाणी व हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही लागतात. लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळच्या लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें वरचा रंग उचलला जातो, पोपडे सुटतात, त्यांतून पुन्हां पाणी आंत शिरतें, आणि गंज वाढत जातो. गंजावरच रंग फासणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय. कितीही महागाचा रंग असो, तो अशा ठिकाणीं एक पावसाळा काढील किंवा न काढील. प्रथम तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरानें सुटा गंज काढावा, तेलकटपणा पुसावा, मग अस्तराचा एक हात द्यावा. तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावे. एका जाड हातापेक्षां दोन पातळ हात केव्हांही चांगले. जाड हात वरून वाळतो व आंत ओला राहतो, आणि पुढें त्यास सुरकुत्या पडतात.

बाजारांत रेड ऑक्साइड नांवानें जें अस्तर मिळतें, त्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडाचा असतो. आपली गेरू किंवा काव तीच. आणि थोडें खोलांत गेलें तर ती गंजाचीही सख्खी नातलग! मग गंजाच्या भावानें गंज कसा थांबवावा? उत्तर असें कीं, गंज भुसभुशीत व पाणी धरणारा असतो. गेरू हें मात्र स्थिर झालेलें, आणखी न बदलणारें द्रव्य आहे. रंगांतील तेलकट रसानें त्याचे कण एकमेकांस घट्ट बांधले म्हणजे पाणी व हवा यांस अडविणारा एक पडदा तयार होतो.

जस्ती पत्र्याची गोष्ट निराळी. नव्या जस्ती पत्र्यावर घाईनें ऑईल पेंट दिला, तर तो वर्षा-दोन वर्षांत सालीसारखा सुटूं लागतो. लोक रंगाऱ्यास दोष देतात. वास्तविक दोष निवडीचा असतो. जस्त व रंगांतील तेल यांच्या संयोगानें साबणासारखें एक द्रव्य तयार होतें, आणि मग रंगाची पकड सुटते. म्हणून नवा पत्रा प्रथम धुवून त्यावरील तेलकटपणा काढावा, आणि जस्ती पत्र्यासाठीं म्हणून जें खास अस्तर मिळतें तेंच द्यावें. अथवा एक-दोन पावसाळे पत्रा तसाच राहूं देऊन, त्याची चकाकी गेल्यावर मग रंगवावा. दुकानांत डबा मागतांना ‘लोखंडासाठीं’ इतकेंच न म्हणतां ‘जस्ती पत्र्यासाठीं’ असें स्पष्ट सांगावें.

कृष्णाकाठच्या वाचकांसाठीं येथें दोन शब्द अधिक लिहितों. २००५, २०१९ व २०२१ या वर्षीं सांगली व आसपासच्या गांवांत पुराचें पाणी घरांत शिरलें, हें कोण विसरेल? पूर ओसरल्यावर लोखंडी कपाटें, फाटकें व खिडक्या वरून पुसून लगेच रंगविण्याचा मोह होतो. तसें करूं नये. प्रथम स्वच्छ पाण्यानें सर्व गाळ धुवावा. सांध्यांत, बिजागरींत व खालच्या कडेला तो दडून बसतो. नंतर लोखंड खडखडीत वाळूं द्यावें. पोकळ नळ्यांच्या फाटकांत पाणी सांचून राहतें. तें निघून जाण्यास तळाशीं लहानसें भोंक असावें. हें सर्व झाल्यावरच अस्तर आणि रंग.

तिसरा प्रश्न आरोग्याचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोठा. पत्रा तापला तर माणूस अंगणांत झाडाखालीं जाऊन बसेल; गज गंजला तर दुसरा बसवितां येईल; परंतु मुलाच्या मेंदूस जी इजा होते ती भरून काढतां येत नाहीं. रंगांतील शिसें ही ती इजा करणारी वस्तु होय.

आपल्याकडे शेंदूर सर्वांच्या परिचयाचा आहे. परंपरेनें ज्यास शेंदूर म्हणतात तें शिशाचें ऑक्साइड आहे. गंज रोखण्यांत तें इतकें गुणकारी कीं, जगभर मोठमोठे पूल व जहाजें यांवर त्याचेंच अस्तर देत असत. पांढरा सफेताही पूर्वीं पुष्कळदां शिशापासूनच करीत. आणि कित्येक झगझगीत पिवळ्या व नारिंगी रंगांतही शिसें असे. आतां शेंदराचें अस्तर आणि गेरूचें अस्तर हीं दोन्ही तांबडीं! पाहणारास फरक क्वचितच कळेल. एक निरुपद्रवी, दुसरें विषारी. म्हणून प्रारंभींच आम्हीं म्हटलें कीं, दिसतें तसें नसतें.

हें विष कांहीं आजच कळलेलें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड येथें डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनीं १९०४ सालींच दाखवून दिलें कीं, तेथील मुलांच्या अंगांत शिसें भिनत होतें तें घराच्या रंगविलेल्या कठड्यांपासून व भिंतींपासून. रंग जुना झाला म्हणजे त्याची भुकटी होते. ती मुलांच्या हातांस लागते. आणि हात तोंडांत जातात. १९२१ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें घरांच्या आंतील रंगकामांत शिशाचा सफेता वापरूं नये असा करार केला. आपल्या देशांत मात्र घरगुती रंगांतील शिशावर कायद्यानें बंधन येण्यास बराच काळ लागला. नोव्हेंबर २०१६ मध्यें तसा नियम प्रसिद्ध झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. त्याप्रमाणें घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें असतां कामा नये, आणि तसा उल्लेख डब्यावर असला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचें मत असें आहे कीं, अमुक इतकें शिसें शरीरांत गेलें तर चालेल, अशी निर्धोक मर्यादा ठाऊक नाहीं. मुलांच्या बुद्धीवर, शिकण्याच्या शक्तीवर व स्वभावावर त्याचा परिणाम होतो. आणि तो प्रारंभीं बाहेरून दिसतही नाहीं.

यांतून पालकांनीं घ्यावयाच्या गोष्टी अगदीं थोड्या व सोप्या आहेत. एक, डबा घेण्यापूर्वीं त्यावरील शिशाविषयींचा मजकूर वाचावा. मजकूर नसेल तर तो डबा घेऊं नये. दोन, वरील नियम घरगुती रंगांपुरता आहे. कारखान्यांत व यंत्रांवर वापरण्याचे रंग त्यांत येत नाहींत. म्हणून वर्कशॉपमधून उरलेला रंग स्वस्तांत मिळाला तरी तो खिडकीच्या गजांस, पाळण्यास किंवा मुलांच्या खाटेस देऊं नये. तीन, जुना रंग, विशेषतः २०१७ पूर्वींचा, कोरडा खरवडूं नये व जाळून तर मुळींच काढूं नये. कारण त्याची धूळ व धूर यांतूनच विष पसरतें. पृष्ठभाग ओला करून पॉलिश पेपरानें घांसावा, नाक-तोंड झांकावें, निघालेला चोथा फडक्यांत गोळा करून दूर टाकावा, आणि काम चाललें असतां मुलें व गरोदर स्त्रिया यांस त्या खोलींत येऊं देऊं नये. चार, जुना रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे सुटलेले नसतील, तर तो न छेडतां त्यावर चांगल्या रंगाचे दोन हात देणेंच शहाणपणाचें. पांच, छपरावरील पावसाचें पाणी जे पिण्यासाठीं सांठवितात, त्यांनीं छपरास शिशाचा रंग किंवा डांबर लावूं नये. आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीस आंतून साधा रंग कधींही देऊं नये.

कामाच्या वेळेविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. पत्रा रंगविण्यास दिवाळीनंतरचा कोरडा काळ, किंवा फाल्गुन-चैत्रांतील सकाळ उत्तम. भर दुपारीं तापलेल्या पत्र्यावर रंग लागतांच वाळूं लागतो व त्यास फोड येतात. ओल असतांना दिलेला रंग धरत नाहीं. हिशेबासाठीं असें धरावें कीं, एक लिटर रंगांत साधारण १० चौरस मीटर जागेचा एक हात होतो. आपल्या १२ चौरस मीटरच्या खोलीचा पत्रा पन्हाळी असल्यानें त्याचें खरें क्षेत्रफळ आणखी एक-दशांश किंवा किंचित् अधिक धरावें, म्हणजे सुमारें १३ ते १४ चौरस मीटर. दोन हातांस सुमारें पावणेतीन लिटर रंग लागेल. मुलांनीं हा हिशेब घरीं वडिलांस करून दाखवावा. गणिताचा असा उपयोग पाहून त्यांसही आनंद वाटेल.

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं दोन प्रयोग सुचवितों. ते शिक्षकांच्या अथवा वडील मंडळींच्या देखरेखीखालीं करावे. पहिला: एकाच आकाराचे तीन पत्र्याचे डबे घ्या. एक चकचकीत ठेवा, दुसऱ्यास पांढरा व तिसऱ्यास काळा रंग द्या. तिन्हींत सारखेंच गरम पाणी भरा, झांकणांतून उष्णतामापक सोडा, आणि दर पांच मिनिटांनीं आंकडे लिहा. काळा व पांढरा डबा जवळजवळ जोडीनें निवत जातील. चकचकीत मागें राहील. दुसरा: सारख्याच आकाराचे पत्र्याचे दोन तुकडे घ्या, एक काळा व एक पांढरा रंगवा; लांकडी फळीवर ते उन्हांत ठेवून प्रत्येकाखालीं उष्णतामापक ठेवा. जे काळा-पांढरा पहिल्या प्रयोगांत जोडीनें चालले, त्यांची येथें फारकत होईल. ती कां होते, हें ज्यास आपल्या शब्दांत सांगतां येईल, त्यास उष्णतेचा धडा समजला असें आम्ही मानूं.

रंगाच्या दुकानांत जाणें ही तशी क्षुल्लक गोष्ट. पण त्या एका डब्यावर उन्हाळ्यांतील आजीची झोंप, पावसाळ्यांतील छपराचें आयुष्य, आणि गजास धरून उभें राहावयास शिकणाऱ्या धाकट्या भावंडाचें आरोग्य अवलंबून असतें. तेव्हां पुढच्या वेळीं आपल्या घरीं रंगाची गोष्ट निघेल, तेव्हां ‘कोणता रंग छान दिसेल?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. मात्र तो चौथा विचारावा. आधींचे तीन कोणते, हें आतां आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.